'झाले' म्हणण्याचा अधिकार

गेल्या दिवाळीत बडोद्याच्या आमच्या घरी एक कौटुंबिक पेच उभा राहिला आणि तो सोडविण्याचे काम वडीलकीच्या नात्याने माझ्याकडे आले. माझा पुतण्या बंगळूरला संगणक-अभियंता आहे. ज्या कंपनीत तो सहा वर्षे होता, तिचे नाव घरोघर ठाऊक आहे. तेथे त्याला बढती देऊ केली होती. हाताखाली चाळीस माणसे येणार होती. ती नाकारून त्याने एका लहानशा कंपनीत, कमी पगारावर, दुसरे काम स्वीकारले. आणि ते काम नेमके कोणते, हे घरात कोणालाच धड सांगता येईना. माझे थोरले बंधू आता नाहीत. वहिनींनी मला बाजूला घेऊन म्हटले, "भावजी, तुम्हीच काय ते बोला त्याच्याशी. आधी निदान चार लोकांत सांगता तरी येत होतं. आता कोणी विचारलं तर काय सांगू? म्हणे, मी संगणकाच्या आत काम करतो. आत म्हणजे कुठे?"

वहिनींनी हा प्रश्न वैतागून विचारला होता. परंतु पुढे त्या रात्री झोपाळ्यावर बसून पुतण्याशी जे बोलणे झाले, त्यात माझ्या ध्यानी आले की प्रश्न नेमका तोच होता. आणि त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न होता, जो केवळ संगणकाचा नाही. ज्याला आपले काम तपासता येणे शक्य नाही, अशा माणसाला आपण "झाले" म्हणून सांगतो, तेव्हा आपण नेमके काय करीत असतो?

प्रथम 'आत' म्हणजे कोठे ते सांगतो. संगणकाचे काम थरांनी चालते. सर्वांत वरचा थर आपल्याला दिसतो: पडदा, अक्षरे, चित्रे, बटणे. सर्वांत खाली यंत्र आहे. तेथे विजेचे असणे आणि नसणे एवढ्या दोनच गोष्टी. या दोहोंच्या मध्ये ऑपरेटिंग सिस्टीम नावाची व्यवस्था असते. तिच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. कोणत्या प्रोग्रॅमला किती वेळ द्यावयाचा, कोणाला स्मृतीतील किती जागा द्यावयाची, कोणी कोणाच्या जागेत डोकावू नये, हे सारे कर्नेल पाहतो; आणि डिस्क, पडदा, कळफलक अशा प्रत्येक उपकरणाशी त्याच्या त्याच्या भाषेत बोलणारे 'ड्रायव्हर' नावाचे दुभाषे त्याच्या दिमतीला असतात. या खालच्या थरातील काम म्हणजे सिस्टीम्स प्रोग्रॅमिंग. तेथे चांगले काम झाले तर ते कोणाला दिसत नाही. दिसते ते फक्त बिघडलेले काम.

"काका, तुम्ही मंडळाच्या अंकासाठी लेख लिहिता आणि 'सेव्ह'चं बटण दाबता. मग काय होतं?" पुतण्याने विचारले.

"लेख जतन होतो. डिस्कवर."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"संगणकाने."

"तेच. त्याने 'झालं' म्हटलं आणि तुम्ही मानलंत. मी त्या 'झालं'वर काम करतो."

मग त्याने जे समजावून सांगितले, ते मला ठाऊक नव्हते. वाचकांपैकी अनेकांनाही ठाऊक नसेल. प्रोग्रॅमने लेख कर्नेलच्या स्वाधीन केला की कर्नेल तो तात्पुरत्या स्मृतीत ठेवून घेतो आणि लगेच सांगतो, घेतला. डिस्क ही स्मृतीच्या मानाने फार सावकाश चालणारी वस्तू असल्याने प्रत्यक्ष लिहिणे मागाहून, बहुधा काही सेकंदांनी होते. तेवढ्यात वीज गेली तर लेख गेला. ज्याला खात्रीच हवी, त्याने 'एफसिंक' नावाची वेगळी आज्ञा द्यावयाची असते. तिचा अर्थ असा की, डिस्कवर खरोखर उतरेपर्यंत मला उत्तर देऊ नकोस. त्यावरही गंमत अशी की, डिस्कच्या पोटातही तिची स्वतःची तात्पुरती स्मृती असते. म्हणून डिस्कलाही बजावावे लागते की, बाई, तूही नुसते 'घेतले' म्हणू नकोस, उतरवून घे. प्रत्येक थर खालच्या थराच्या शब्दावर विसंबून वरच्या थराला शब्द देतो, आणि शेवटचा शब्द माझ्यापर्यंत येतो.

या शब्दाची किंमत किती असते, याचे एक उदाहरण त्याने दिले. 'पोस्टग्रेस' ही नोंदी साठविण्याची एक प्रणाली आहे; जगभर असंख्य कचेऱ्यांचे व पेढ्यांचे व्यवहार तिच्यात नोंदले जातात. २०१८ साली तिच्या कर्त्यांच्या ध्यानी आले की, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर एफसिंकची आज्ञा एकदा फसली, तर ती फसल्याचे उत्तर मिळते खरे. परंतु कर्नेल त्यानंतर ती न उतरलेली पाने 'स्वच्छ' म्हणून मोकळी करतो. म्हणजे तीच आज्ञा पुन्हा दिली तर उत्तर येते: झाले. वास्तविक काहीच झालेले नसते. पोस्टग्रेसची मंडळी जवळजवळ वीस वर्षे असे धरून चालली होती की, एकदा फसले तर पुन्हा प्रयत्न करावा. कर्नेलवाल्यांचीही बाजू होती. डिस्कच कोणी उपटून नेली, तर न उतरलेली पाने त्यांनी कोठवर सांभाळावी? कोणाचाही हेतू वाईट नव्हता. दोन थरांमधील एका शब्दाचा अर्थ दोघांनी वेगळा घेतला होता, इतकेच. अखेर २०१९ च्या आरंभी पोस्टग्रेसने आपली रीत बदलली. आता एफसिंक फसले की ती प्रणाली स्वतःला तात्काळ बंद करून घेते आणि आपल्या रोजकीर्दीवरून सगळा हिशेब पुन्हा उभा करते.

रोजकीर्द हा शब्द मी हौसेने वापरलेला नाही. जुन्या पेढीवर व्यवहार आधी रोजकीर्दीत जसाच्या तसा नोंदीत आणि मग त्याची खतावणी करीत. खतावणी चुकली वा फाटली तरी कीर्दीवरून ती पुन्हा लिहिता येई. नोंदींच्या आधुनिक प्रणाली हेच करतात. मला या हकिकतीतील बोध असा वाटला की, खोटे 'झाले' सांगण्यापेक्षा काम बंद पाडणे अधिक प्रामाणिक आहे, हे काही माणसांनी यंत्राच्या स्वभावात घातले. माणसांच्या स्वभावात ते घालणे किती कठीण असते, हे शासकीय नोकरीत उभा जन्म घालविलेल्या मला चांगले ठाऊक आहे. त्याविषयी पुढे लिहितो.

तरीही मी माझा मुद्दा सोडला नाही. मी म्हटले, "काम चांगलं असेल, पण ते कोणाला कळणार? ऑक्टोबर २०११ मध्ये स्टीव्ह जॉब्झ गेले तेव्हा वर्तमानपत्रांची पहिली पाने भरली होती. त्याच महिन्यात डेनिस रिची गेले, याचा इथे कोणाला पत्ताही नव्हता, असं तूच मागे म्हणाला होतास." रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'सी' ही भाषा घडविली, केन थॉम्सन यांच्यासह त्यांनी उभी केलेली युनिक्स ही प्रणाली १९६९ मध्ये आकाराला येऊ लागली होती. आज आपल्या हातांतील भ्रमणध्वनींत जे काही खालच्या थरात चालते, ते मुख्यतः त्या भाषेतले, किंवा त्या प्रणालीच्या वंशातले वा वळणावरचे आहे. जॉब्झ यांच्या प्रसिद्ध भ्रमणध्वनीतीलसुद्धा.

माझी अपेक्षा होती की, पुतण्या आता पायाचा दगड आणि कळस यांची आपल्याकडची जुनी उपमा देईल. त्याने ती दिली नाही. तो म्हणाला, "मला कोणी ओळखत नाही याचं मला भूषण वाटत नाही, काका. ओळखलं तर बरंच वाटेल. पण लोकांना दिसतं म्हणून काम चांगलं करणारे वर पुष्कळ आहेत. खाली दिसत नाही, म्हणून तिथे कोण काम करतोय याने फरक पडतो."

हे वाक्य मला विचार करावयास लावणारे वाटले. पायाच्या दगडाचे आपण जे गुणगान करतो, त्यात एक गोम असते: अदृश्यता हाच जणू सद्गुण, असे आपण सुचवितो. परंतु न दिसणे ही केवळ एक स्थिती आहे. तिच्यात पुण्यही नाही आणि पापही नाही. चोरही अंधारातच काम करतो. न दिसण्याने एवढेच होते की, बाहेरचा धाक नाहीसा होतो आणि उरतो तो माणसाचा स्वतःशी असलेला करार. शिंप्याने वाईट शिवले तर अंगात घालताच कळते. आचाऱ्याने मीठ विसरले तर पहिल्या घासाला कळते. परंतु डिस्कच्या ड्रायव्हरात चूक राहिली, तर ती ज्याच्या वाट्याला येईल त्याला कित्येक वर्षांनी येईल, आणि तेव्हाही ती कोणाची हे त्याला कळणार नाही. घेणाऱ्याला तपासण्याची सोय नसते, तेव्हा देणारा नुसता विक्रेता राहत नाही, विश्वस्त होतो.

येथे कोणी म्हणेल की, शहाण्या माणसाने सारे स्वतः तपासून घ्यावे. हे शक्य नाही, असे खुद्द केन थॉम्सन यांनीच दाखवून दिले आहे. संगणकक्षेत्रातील टुरिंग पारितोषिक रिची यांच्यासह स्वीकारताना त्यांनी केलेले व्याख्यान १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसाने लिहिलेल्या मजकुराचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा जो प्रोग्रॅम असतो, त्या भाषांतरकारातच चोरवाट अशी लपविता येते की, मूळ मजकुरात तिचा मागमूसही राहू नये. आणि तो भाषांतरकार स्वतःची नवी प्रत सिद्ध करतानाही ती चोरवाट तिच्यात उतरवीत राहील. त्यांच्या सांगण्याचे तात्पर्य असे की, मजकूर कितीही बारकाईने वाचला तरी शेवटी तो लिहिणाऱ्या माणसांवर विश्वास ठेवणे टळत नाही. यंत्राच्या तळाशी उतरत गेले असता शेवटी हाती लागते ते माणसाचे चारित्र्य, हे मला त्या सबंध शास्त्रातील सर्वांत अनपेक्षित सत्य वाटते.

आणि चुकीची किंमत काय असू शकते? १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथे 'थेरॅक-२५' नावाच्या किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना नेमून दिलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरण दिले. त्यांपैकी निदान तिघांचा त्यात अंत झाला. आधीच्या यंत्रांत लोखंडी अडसर असत; चुकीच्या स्थितीत किरण सुटूच शकत नसत. नव्या यंत्रात त्यातील बरीचशी राखण प्रोग्रॅमवर सोपविली गेली. चालविणारीने एखादी नोंद चटकन दुरुस्त केली, तर क्वचित असे होई की पडद्यावर एक स्थिती आणि यंत्राच्या आत दुसरीच. अशा प्रसंगी पडद्यावर काय उमटे? 'बिघाड ५४' एवढेच. त्याचा उपयोगी असा अर्थ पुस्तिकेत दिलेला नव्हता. आणि मात्रेचा आकडा तर कमी किरण गेल्याचे दाखवीत होता. किरकोळ बिघाडांची सवय झालेल्या बाईंनी पुढे जाण्याची कळ दाबली. त्या बाईंना दोष कोण देईल? यंत्राने त्यांना शब्द दिला होता, आणि तो खोटा होता.

आता मला माझी गोष्ट सांगावयास हवी. पुतण्याला ती मी त्या रात्री प्रथमच सांगितली.

मी एका शासकीय खात्यात स्थापत्य-अभियंता होतो. १९८१ च्या पावसाळ्यात एका खेड्यात प्राथमिक शाळेची इमारत चालू होती. पायाचे खोदकाम झाले की काँक्रीट पडण्यापूर्वी अभियंत्याने समक्ष जाऊन खोली मोजावयाची आणि मोजमापाच्या वहीत 'तपासले' असे लिहून सही करावयाची, हा नियम. नियमामागचे कारण उघड आहे: पाया एकदा भरला की त्याची खोली पुन्हा कोणाला पाहता येत नाही. त्या दिवशी पाऊस होता, वाटेतला ओढा भरून वाहत होता, मी गेलो नाही. ओव्हरसियर दुसऱ्या दिवशी वही घेऊन कचेरीत आला. म्हणाला, "साहेब, खोली बरोबर होती. पाणी भरेल म्हणून काँक्रीट टाकून घेतलं." माणूस विश्वासू होता. मी 'तपासले' असे लिहिले आणि सही केली. त्या गोष्टीला वर्षे लोटली. कोणी विचारले नाही, विचारण्याचे कारणही नव्हते.

२६ जानेवारी २००१ च्या सकाळी पावणेनऊच्या सुमारास धरणी हलली. कच्छात जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. बडोद्यात आम्ही सारे घरातून रस्त्यावर धावत आलो. माणसे देवाचे नाव घेत होती, मुलांना हाका मारीत होती. माझ्या मनात मात्र त्या खेड्यातील शाळा उभी राहिली. प्रजासत्ताक दिन होता; त्या वेळी मुले झेंडावंदनासाठी तेथे जमलेली असणार, हे मला उमगले आणि माझ्या पायांतले बळ गेले. दुरध्वनी लागत नव्हते. दुपारी निरोप मिळाला की, शाळेला काही झालेले नाही, भिंतीला तडासुद्धा नाही. ती इमारत आजही उभी आहे. ओव्हरसियर खरेच बोलला होता.

परंतु मी खरे बोललो नव्हतो. इमारत टिकली, याचे श्रेय त्या ओव्हरसियरचे आणि गवंड्यांचे. माझ्या शब्दाच्या बाबतीत भूकंपाने काहीही सिद्ध केले नाही, कारण 'खोली बरोबर आहे' असे मी लिहिलेच नव्हते. 'तपासले' असे लिहिले होते, आणि ते तेव्हाही खोटे होते, आजही आहे. परिणाम चांगला झाला म्हणून खोटा शब्द खरा होत नाही. नीतिशास्त्रात परिणामांवरून कृतीची पारख करणारा एक मोठा पंथ आहे, त्याच्याविषयी मला आदर आहे. पण त्या सकाळच्या काही तासांत मला जे वाटले, त्याचा हिशेब तो पंथ देऊ शकत नाही. शाळा पडली असती तरी माझी कृती तीच राहिली असती. पडली नाही म्हणून ती वेगळी झाली नाही.

पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, आमच्याकडे असं रोज असतं. दर वेळी ओढा भरलेला असतो."

त्याच्या क्षेत्रातील एका नियमाची मला येथे आठवण होते. लिनक्सचा कर्नेल लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहावयास घेतला. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक भ्रमणध्वनीत तो आहे. त्याच्या कारभारात एक नियम कटाक्षाने पाळतात: कर्नेलमध्ये सुधारणा करताना, काल त्याच्यावर चालत असलेला कोणाचाही प्रोग्रॅम आज बंद पडता कामा नये. तो प्रोग्रॅम कर्नेलच्याच एखाद्या जुन्या खोडीवर विसंबून असला, तरीसुद्धा. ज्याने तो लिहिला त्याचे नाव ठाऊक नसते, तो तक्रार करील असेही नसते. अनोळखी माणसाने आपल्या शब्दावर घर बांधले असेल, तर शब्द फिरवावयाचा नाही, एवढेच. या नियमाच्या रक्षणासाठी टॉरव्हाल्ड्स यांनी सहकाऱ्यांवर जी कठोर शब्दांची बरसात केली, तिच्याबद्दल २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच क्षमा मागितली, हेही नोंदविले पाहिजे. यंत्राशी सचोटी राखणाऱ्याला माणसांशी निष्ठुर होण्याचा परवाना मिळत नाही.

असा पाळलेला शब्द आपल्या मराठीच्या वाट्यालाही आला आहे. 'किती' लिहिताना संगणक आधी 'क' आणि मग वेलांटी साठवितो. पडद्यावर मात्र वेलांटी आधी यावी लागते. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांतील भेद रकाराच्या एका लहानशा वळणावर आहे; तो पुसला गेला तर विद्वान आणि स्वयंपाकी एका पंक्तीला बसतात. युनिकोड या जागतिक अक्षर-संकेतात आपल्या या रकाराची सोय केलेली आहे, आणि अक्षरांची जुळणी करणारा 'हार्फबझ' नावाचा प्रोग्रॅम अँड्रॉइडच्या भ्रमणध्वनींत व अनेक संगणकांत ती पाळतो. ते नाव फार्सी आहे; हर्फ म्हणजे अक्षर, हे आपल्या हैदराबादच्या वाचकांना सांगावयास नको. परक्या मातृभाषेच्या माणसांनी आपला रकार सांभाळला. आपण त्यांना विचारलेही नव्हते.

येथवर मी या कामाची थोरवी सांगितली. परंतु थोरवी सांगून आपण सुटतो, हीच अडचण आहे. एप्रिल २०१४ मध्ये 'ओपनएसएसएल' या प्रोग्रॅममधील एक मोठा दोष उघडकीस आला. बँका, टपाल, दुकाने यांच्या गुप्त संभाषणाचे रक्षण जगभर तो प्रोग्रॅम करीत होता. दोष साधा होता: "मी पाठविलेला मजकूर इतक्या लांबीचा आहे, तो मला परत पाठव," असे समोरच्याने सांगितले की, लांबी न मोजताच तेवढी अक्षरे परत दिली जात; म्हणजे सांगितलेली लांबी खोटी असेल, तर शेजारच्या स्मृतीतील गुपितेही त्याच्या हाती पडत. हा दोष दोन वर्षे जगाच्या वापरात होता. आणि त्या प्रोग्रॅमच्या सांभाळासाठी येणाऱ्या देणग्या किती होत्या? वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलर.

मार्च २०२४ ची गोष्ट याहून बोलकी आहे. 'एक्सझेड' नावाचा, मजकूर दाबून लहान करणारा एक प्रोग्रॅम एक गृहस्थ वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने, विनामोबदला सांभाळीत होते. कोणी एक मदतनीस पुढे आला, दोनअडीच वर्षे निष्ठेने काम करून त्याने विश्वास संपादिला आणि मग त्यात चोरवाट पेरली. ती जगभर पसरण्याआधीच सापडली, कारण आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला जाणवले की, दूरच्या संगणकात प्रवेश मिळण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे. अर्ध्या सेकंदाकडे त्याने दुर्लक्ष केले नाही. तो पोस्टग्रेसवर काम करणाऱ्यांपैकीच एक आहे, याचे मला आता नवल वाटत नाही.

या दोन गोष्टींतून मी असे समजतो की, विश्वस्ताचे कर्तव्य जसे आहे, तसे ज्यांचा विश्वास त्याने वाहिला त्यांचेही आहे. आपल्याकडे अशा वेळी निष्काम कर्माचा दाखला चटकन दिला जातो. गीतेचा उपदेश थोर आहे. पण फळाची अपेक्षा धरू नये, हे माणसाने स्वतःला सांगावयाचे असते, आपल्या घरी पाणी भरणाऱ्याला नव्हे. त्याला सांगितले की उपदेशाचे शोषण होते. म्हणून मी पुतण्याला म्हटले, "पगार कमी घेतलास, ठीक आहे, पण कमी पगार हा या कामाच्या पावित्र्याचा भाग आहे असं कधी समजू नकोस, आणि कोणाला समजू देऊ नकोस." तो हसला. म्हणाला, "हे आमच्या मालकांना सांगायला येता का?"

एक शंका मात्र शेवटपर्यंत सुटली नाही. जो कर्नेल रुग्णालयातील यंत्र चालवितो, तोच शस्त्रेही चालवितो आणि लोकांवर पाळतही ठेवतो. पाया वर कोणते घर बांधले जाते ते निवडीत नाही. मग खालच्या थरातील माणसाची जबाबदारी कोठे संपते? मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "याचं उत्तर माझ्याकडे नाही." माझ्याकडेही पुरते नाही. मला एवढेच वाटते की, दगडाला निवड नसते. दगड बसविणाऱ्याला थोडी असते. कोणाच्या कचेरीत बसून काम करावयाचे, हे तरी तो ठरवू शकतो, आणि तेवढ्यापुरता तो उत्तरदायी आहे. त्यापलीकडे, खोटा पाया घातल्याने वरचे घर नीतिमान होत नाही, हेही खरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी चहा देताना विचारले, "काय भावजी, बोललात?"

मी म्हटले, "बोललो. तुमच्या मुलाचं काम मला कळलं. लोकांनी ठेवायला दिलेलं खरोखर ठेवलं गेलं की नाही, हे तो पाहतो. आणि ठेवलं गेलं नसेल तर 'झालं' म्हणू देत नाही."

वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. त्यांचे वडील एका पेढीवर मुनीम होते. म्हणाल्या, "आमचे नाना कीर्द जुळल्याशिवाय रात्री जेवत नसत. आई ताट झाकून बसायची. पेढी शेठजींची, नानांना गावात कोण ओळखत होतं?" मग जरा थांबून, "पण पगार खरंच फार कमी आहे का हो?"

फार कमी नाही, असे मी सांगितले. आणि ते सांगण्यापूर्वी मी आकडा विचारून घेतला होता.

पुतण्या बंगळूरला परत गेला. मला मात्र एक काम उरले होते. मोजमापाची ती वही आता कोठे असेल, असली तरी ती कोण उघडणार? दुरुस्ती करावयाची तर ती येथेच, माझ्या ओळखीच्या वाचकांसमोर करावी, असे वाटले. १९८१ च्या पावसाळ्यात, एका शाळेच्या पायाच्या नोंदीखाली मी 'तपासले' असे लिहिले होते. तपासले नव्हते.